जुबैलच्या हॉलमध्ये ठरलेली उमेदवार

आमच्या गावात ग्रामपंचायतीला कोण उभं राहणार ते गावात ठरत नाही, इथे सौदीत, जुबैलमध्ये ठरतं. तेसुद्धा माझ्या हॉलमध्ये. हॉल मोठा आहे एवढाच त्याचा गुन्हा. कंपनीने आम्हाला हा फ्लॅट दिला तेव्हा मी खूश झाले होते, म्हटलं पोरी मोकळ्या खेळतील. पहिल्याच महिन्यात गावच्या मंडळाची माणसं मुबारकबाद द्यायला आली, हॉलमधून इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाली, "माशाल्ला, आता मीटिंग इथेच घेत जाऊ." झालं! माझा शुक्रवार गेला तो गेलाच.

मंडळ म्हणजे रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या गावचे, जुबैल-दम्मामला नोकरी करणारे सगळे पुरुष. त्यांच्या अध्यक्षांना आम्ही सदर म्हणतो. जुम्म्याची नमाज झाली की सगळे हॉलमध्ये दस्तरखान पसरून बसतात. त्यांच्या बायका माझ्या स्वयंपाकघरात. मध्ये एक दार, ते अर्धं लोटलेलं. पलीकडे गावाची चर्चा, अलीकडे कांदा.

मंडळाला नुसती नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही, हेही सांगते. इथे कुणी गेलं तर मय्यत घरी पोचवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पोलीस, हॉस्पिटल, कफील म्हणजे इथला जामीनदार मालक, एम्बसी, एका दारातून दुसऱ्या दारात. आमच्या ह्यांचा कॅम्पमधला जुना सोबती कामावर छातीत कळ येऊन गेला तेव्हा सदरचाचा स्वतःची ड्युटी सोडून धावले होते. त्या माणसाच्या आईला मुलाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं ते त्यांच्यामुळे. म्हणून मंडळाला 'नाही' म्हणायला कुणाचं धाडस होत नाही. वेळ कुणावर कधी येईल काय सांगावं?

पण मय्यत पोचवणाऱ्यांनी जिवंत माणसांचंही सगळं ठरवायला घेतलं. पंचायतीची निवडणूक आली की इथे वॉर्डावॉर्डाची नावं ठरतात. शक्यतो बिनविरोध करायचं. दुसरं कुणी उभं राहत असेल तर त्याच्या भावाला, चुलत्याला, मेव्हण्याला धरायचं आणि त्याला 'बसवायचं', म्हणजे नाव मागे घ्यायला लावायचं. तेही नाही जमलं तर प्रत्येक पुरुष घरी फोन करून सांगतो, शिक्का कुणावर ते. आता मशीन आलं तरी आमच्यात शिक्काच म्हणतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही आहेत.

तर त्या शुक्रवारी मी सुरमई तळत होते. तेल उडत होतं, एक्झॉस्ट फॅन घरघरत होता, त्यातूनही सदरांचा आवाज आला. आमचा वॉर्ड महिला राखीव झाला होता. आणि माझी थोरली जाऊ, माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको, गावात सगळ्यांना सांगत सुटली होती की मी उभी राहणार.

तिच्याबद्दल सांगायला हवं. मी तिला भाभी म्हणते. थोरले दीर बोटीवर असतात, सहा-आठ महिने दर्याचं पाणी, मग थोडे दिवस घर. सासूचं सगळं भाभी करते. आमच्या मोहल्ल्यात चैत्र लागला की विहिरींचं पाणी खारट होतं. परदेशातल्या पैशावर ज्यांनी बोअर मारल्या त्यांचं निभतं, बाकीच्या बायका हंडे घेऊन टेकडीवरच्या झऱ्यावर. भाभीचं एकच म्हणणं, त्या झऱ्यावरून खाली पाइप आणा. मंडळाचं म्हणणं, आधी गावच्या वेशीला कमान. संगमरवरी, वर गावाचं नाव, रात्री लाइट. फोटो छान येतो ना कमानीचा! भाभीने मागे ग्रामसभेत उठून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "कमानीतून पाणी येणार असेल तर बांधा." हे वाक्य जुबैलला पोचलं आणि सदरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आणि तिचं नि माझं? कधी पटलं नाही. एका दिवसासाठीसुद्धा नाही. मी सुट्टीला गेले की ती मला 'सौदीवाल्या बाई' म्हणते. मी मासळीला मीठ जास्त लावते, पोरींना लाडावते, दुपारी झोपते. मीही काही कमी नाही, बरं का. तिने एक बोलावं, मी दोन परत ऐकवावीत, आणि सासूने दोघींना गप्प करावं, असा आमचा संसार.

हॉलमध्ये सदर म्हणत होते, "त्यांना बसवायला हवं. सरळ सांगून त्या बसणार नाहीत. म्हणून मी म्हणतो, त्याच घरातून दुसरं नाव देऊ." आणि त्यांनी माझ्या नवऱ्याकडे वळून माझं नाव घेतलं. म्हणजे 'तुमच्या घरचं' म्हणाले, नाव घ्यायचीही तसदी घेतली नाही. मतदार यादीत आहेत, शिकलेल्या आहेत, पंधरा दिवस जाऊन फॉर्म भरून येतील. पुढचं सगळं सदरांचा धाकटा भाऊ गावात बघेल. यल्ला, खलास.

हातातला झारा तसाच राहिला. मी कान देऊन ऐकत होते, आमचे साहेब काय बोलतात ते. साहेब म्हणाले, "आमची काही हरकत नाही, चाचा."

सदरांच्या बायकोने मला मागून मिठीच मारली. "मुबारक हो गो!" म्हणजे तिला आधीच माहीत होतं. माझ्याआधी तिला! सगळ्याजणी हसायला लागल्या, मेंबर मेंबर म्हणायला लागल्या. आणि खोटं कशाला बोलू, घडीभर मलाही गुदगुल्या झाल्या. एवढी वर्षं त्या हॉलमध्ये माझ्या हातचं जेवण गेलं, मी गेले नव्हते. भाभीच्या नाकावर टिच्चून मेंबर व्हायचं, ही कल्पना काही वाईट नव्हती. मग सुरमई करपल्याचा वास आला आणि मी भानावर आले.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "तुमची हरकत नाही. माझी विचारलीत?"

"त्यात विचारायचं काय? सही करायची, परत यायचं. तुला काही करायचंच नाही."

"तेच तर. काही करायचं नसेल तर मी कशाला?"

"अगं, राखीव आहे म्हणून. बाईचं नाव लागतं."

"नाव लागतं ना? मग नाव माझं आहे. विकत नाही घेतलं तुमच्या मंडळाने."

ते चिडले. म्हणाले, लहान गोष्टीचा डोंगर करू नकोस. मी म्हटलं, लहान असती तर हॉलमध्ये दार लोटून ठरवली नसती. पोरी टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या. धाकटी तेवढ्यात इंग्रजीत म्हणालीच, "मम्मा, प्लीज, शेजारी ऐकतायत." ऐकू देत! शेजारी मल्याळी, त्यांना काय कळणार.

संध्याकाळी गावाहून फोन आला. भाभी. सलाम नाही, दुआ नाही. "परकी माणसं करतील ते समजू शकते. घरातूनच का?" एवढंच बोलली आणि फोन सासूकडे दिला. सासूचा आवाज थकलेला होता. "हे बघ, एका घरातल्या दोन सुना समोरासमोर उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाहीत. गाव हसेल. तू उभी राहणार असशील तर मी थोरलीला बसायला सांगते. ती माझं मोडणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला मेंबर करायचं कुणाच्या मनात नव्हतंच. भाभी मंडळाचं ऐकणार नाही, तिच्या नवऱ्याचं ऐकणार नाही, पण सासूचं ऐकेल, हे सदरांना बरोबर माहीत होतं. आणि सासूला बोलायला लावायचं तर समोर घरचीच सून हवी. मी नुसती फुंकणी, विस्तव त्यांचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाभीशी भांडायचं तर मी भांडेन, माझ्या तोंडाने, माझ्या कारणासाठी. दुसऱ्याच्या सोयीसाठी कशाला?

मी म्हटलं, "अम्मा, भाभीला बसायला सांगू नका. मी उभी राहत नाही."

"पण त्याने तर हो म्हटलंय ना तिथे?"

"त्यांनी म्हटलंय. मी नाही."

नवऱ्याला मी सरळ सांगितलं, सदरांना फोन करा आणि माझं नाव काढा. ते हो म्हणाले आणि केला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत शटडाऊनचं काम होतं, तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन लागत नव्हता. शेवटी जेवताना पोळीचा तुकडा हातात धरून त्यांनी मनातलं सांगितलं. "उद्या मला काही झालं तर कोण धावून येणार? तू एकटी दोन पोरींना घेऊन कुठल्या ऑफिसात जाणार? अरबी येतं तुला?"

मला त्यांचा राग आला नाही. भीती खरी होती, मलाही तीच होती. आम्ही त्यांच्या इकाम्यावर, राहायच्या परवान्यावर, इथे. माणूस कामावर गेला की संध्याकाळी कंपनीची बस त्याला खाली उतरवेपर्यंत जीव अर्धा असतो. पण मी म्हटलं, "आपण मेल्यावर लोक येतील म्हणून जिवंतपणी मान खाली घालून बसायचं का? तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते." त्यांनी हातातली पोळी पुरी खाल्ली.

मधले दिवस सदरांची बायको रोज फोन करत होती. कुठल्या साड्या नेणार, फॉर्मला फोटो कसला लागतो. मी म्हणायची, मी उभी राहत नाहीये. ती म्हणायची, लाजतेस काय गो. तीनदा सांगितलं, तीनदा हसली. बकाल्यात, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, भेटली तिथेही तेच, दुधाचा डबा हातात धरून. माझ्या 'नाही'चा अर्थच तिला कळत नव्हता, कारण आमच्यात बाईने 'नाही' म्हटलं की त्याचा अर्थ आग्रह करा असा असतो.

पुढचा शुक्रवार आला. एका मैत्रिणीने सुचवलं होतं, स्वयंपाकच करू नको, आपोआप समजेल. छे! पोटाशी माझं वैर नाही. मी खिमा केला, पांढरा भात, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. नेहमीपेक्षा दोन पदार्थ जास्तच. पण डोक्यात एक बेत पक्का होता. मीटिंगच्या आधी बोलावं तर म्हणतील नंतर बघू. नंतर बोलावं तर सगळे घाईत. जेवताना माणूस अडकतो. हात कालवणाने भरलेले असताना कुणी उठून निघून जात नाही.

सगळ्यांनी पहिला घास घेतला, भाकऱ्या मोडल्या, आणि मी दार पूर्ण उघडलं. ओढणी डोक्यावर सारखी केली आणि दस्तरखानाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. मागे स्वयंपाकघरात कुणीतरी हळूच गॅस बंद केला.

"सदरचाचा, माझं नाव तुम्ही दिलंय. मी उभी राहत नाही."

सदरांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी तसाच धरला. आवाज चढवायची त्यांना सवय नाही, मोठे गोड बोलतात. "बेटी, बस ना. जेवण झाल्यावर बोलू."

"जेवा तुम्ही. मी बोलते, तुम्ही ऐकत जेवा."

एकाला ठसका लागला. मी पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवला आणि पुढे बोलले. आवाज कापत नव्हता, तेवढी अल्लाची मेहेरबानी.

"चाचा, तुम्ही मय्यत उचलता त्याला तोड नाही. तो उपकार मी विसरणार नाही. पण इथे तुम्ही जिवंत बाईचं नाव न विचारता उचललंत. आणि ते मला मेंबर करायला नाही. माझ्या सासूच्या तोंडून माझ्या जावेला बसवायला. मी भाभीला बसवणार नाही. तिला लोकांनी पाडायचं असेल तर पाडू देत. घरातून नाही."

सदरांनी तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाले, "बिनविरोध झालं की गावात भांडण होत नाही, बेटी. तुला लहान वयात काय कळणार, निवडणुकीने भाऊ भावाशी बोलेनासे होतात."

"आणि न विचारता ठरवलं की बोलतात का? माझी जाऊ आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीये."

"तुझं नि तिचं तसंही पटत नाही, असं ऐकलंय." कुणीतरी हसलं.

"नाही पटत," मी म्हटलं. "म्हणून तर सांगतेय. आम्हाला आमचं भांडायला कुणाची मदत नको."

आता ते माझ्या नवऱ्याकडे वळले. "मागच्या शुक्रवारी तुम्ही हो म्हणालात. पुरुषाची जबान आहे."

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित रडले असते. मग ते म्हणाले, "चाचा, मी तिला न विचारता बोललो. ती म्हणतेय तसंच." आणि भाताचा पुढचा घास घेतला. आयुष्यात त्यांनी मला सोन्याच्या बांगड्या दिल्या, मक्केला नेऊन उमरा करवला, पण त्या एका वाक्याने मला जे वाटलं ते कशानेच वाटलं नव्हतं.

कुणी उठलं नाही. जेवण सगळं संपलं, हेही सांगते. जाताना मात्र कुणी शुक्रिया म्हटलं नाही. सदरांची बायको स्वतःचं भांडं न धुताच घेऊन गेली.

पुढच्या शुक्रवारी माझा हॉल रिकामा. मीटिंग दुसरीकडे हलली. किती वर्षं मी ह्या दिवसाची वाट बघितली होती, आणि तो आल्यावर मला घर खायला उठलं. दुपारी आम्ही चौघं जेवलो, उरलेलं फ्रिजमध्ये टाकलं. नवऱ्याला बसमध्ये गाववाले दुरूनच सलाम करू लागले. मुलीच्या वाढदिवसाला मी सगळ्यांना बोलावलं, दोघीच आल्या, त्याही लवकर निघाल्या. वाईट वाटलं. पण एकदाही असं वाटलं नाही की चुकलं.

गावात मंडळाने मग सदरांच्या धाकट्या भावाच्या बायकोला उभं केलं. भाभी तिच्यासमोर ठाम. समोर घरची सून नव्हती, म्हणून सासूही गप्प. आणि मग इथून फोन सुरू झाले. प्रत्येकाने घरी सांगितलं, शिक्का कुणावर ते. मोहल्ल्यात पुरुष म्हणजे म्हातारे आणि शाळकरी पोरं, मतं सगळी बायकांची, आणि बायकांना फोन गेलेले. मी हिशेब मांडून बसायची आणि रोज भाभी पडायची. म्हणून मीही फोन घेतला. सकाळी पोरी शाळेत गेल्या की चहाचा कप घेऊन एकेकीला लावायची. खाऱ्या पाण्याचं सांगायची, हंड्याचं सांगायची. सगळ्या गोड बोलायच्या. "हो गो, का नाही, हो." त्यांच्या नवऱ्यांनाही त्यांनी असंच 'हो' सांगितलं असणार, हे मला माहीत होतं. त्यामुळे त्या 'हो'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी मी लावत राहिले. हात बांधून बसणं मला जमत नाही.

मोजणीच्या दिवशी नवऱ्याची सुट्टी नव्हती, पण ते दुपारीच आले. डोकं दुखतंय म्हणून सांगून आले, मला म्हणाले. आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसलो. वाजला तेव्हा नुसता गलका, फटाके, बायकांचा आरडाओरडा. त्यातून सासूचा आवाज.

"थोरली आली गो! चांगली आली!"

मी ओरडलेच. नवऱ्याने स्पीकर लावला. "अम्मा, कशी आली? सगळ्यांनी घरी फोन करून सांगितलं होतं ना दुसरीला मत द्या म्हणून?"

"सांगितलं होतं. दर वेळी सांगतात."

"मग?"

"मग काय? फोनवर हो म्हणायला काय जातं? मत आम्ही आमचं टाकतो."

माझा नवरा फोनकडे असा बघत होता जणू त्यातून जिन निघाला. "म्हणजे मागे मी सांगितलं होतं..."

"नाही टाकलं."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही नाही, बाळा. तू सातासमुद्रापार, तुला इथलं काय दिसतं? तुला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणायचं." मागचा गलका थोडा दूर गेला, ती बहुतेक आतल्या खोलीत आली असावी. "फोनने आमचं काही बिघडत नव्हतं. बिनविरोध केलंत ना, तेवढ्या वेळीच आमच्या हातात काही राहिलं नाही. मशीनच आलं नाही गावात. या वेळीही तेच होणार होतं."

एवढी वर्षं ते फोन, ती हुकमत, आणि ह्या बाया गुपचूप आपलं आपलं ठरवत होत्या. आणि त्यांच्या हातून ते काढून घ्यायचा एकच रस्ता होता, तो माझ्या नावावरून जात होता. मला हुंदका आला. आनंदाने की कशाने, मला नाही सांगता येणार.

तेवढ्यात भाभीने सासूच्या हातातून फोन घेतला. "कोण रडतंय?"

"मी," मी म्हटलं. "भाभी, मुबारक."

"हं." पलीकडे पुन्हा फटाका फुटला. ती त्याच्यावर आवाज चढवून बोलली, मग एकदम हळू झाली. "ऐक. तू उभी राहिली असतीस तर मी बसले असते. अम्मासाठी बसले असते. पण तुझं तोंड मग मरेपर्यंत बघितलं नसतं मी."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.